पंच सीएनजी की पंच ईव्ही? आधी पार्किंगमधला प्लग बघा

पुण्यात महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर गाडी चालवणाऱ्या घरापुढे आता 'पेट्रोल की इलेक्ट्रिक' हा प्रश्न फारसा उरलेला नाही. पेट्रोलच्या बिलाला वैतागलेला माणूस सीएनजी बघायला शोरूममध्ये जातो आणि शेजारीच तीच गाडी इलेक्ट्रिकमध्ये उभी असते. म्हणून इथे एकाच नावाच्या दोन गाड्या समोरासमोर ठेवतो : टाटा पंचची सीएनजी, ऑगस्ट २०२३ मध्ये आलेली, आणि पंच ईव्ही, जानेवारी २०२४ मधली. बाहेरून सख्ख्या बहिणी, आतून मात्र पूर्ण वेगळ्या. खालचे आकडे दोन्हींच्या पहिल्या आवृत्तीचे आहेत, पण हिशेबाची रीत कुठल्याही छोट्या गाडीला लागू पडेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रात्री गाडी जिथे उभी राहते तिथे तुमच्या मीटरवरचा प्लग असेल, किंवा तो मिळणार हे लेखी हातात असेल, तर इलेक्ट्रिक घ्या. नसेल तर सीएनजी घ्या आणि सुखाने झोपा. बॅटरी, रेंज, रीसेल हे सगळे प्रश्न त्यानंतरचे.

प्लगचं राजकारण

आधी तांत्रिक बाजू, कारण ती सोपी आहे. गीझर-एसीला असतो तशा १५-१६ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला अडीच-तीन युनिट गाडीत जातात. रोजचं येणं-जाणं ५० किलोमीटर असेल तर सात-आठ युनिट लागतात, म्हणजे तीन तास. रात्री अकराला लावली की पहाटेच्या आत काम झालेलं असतं. सेल्समन ७.२ किलोवॅटचा वॉल बॉक्स, म्हणजे भिंतीवरचा जलद चार्जर, गळ्यात मारू बघतो. रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर होत नसतील तर त्यावाचून अडत नाही. त्याऐवजी पैसे जाड वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा लोड आला की वीज तोडणारा स्विच) आणि चोख अर्थिंगवर घाला. एक्स्टेन्शन बोर्डावरून गाडी चार्ज करायची नाही, एका रात्रीपुरतीही नाही.

अवघड बाजू आहे सोसायटीची. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत बदल करून ईव्ही चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागण्याची सोय केली आहे. कागदावर हे ठीक. मीटिंगमध्ये मात्र 'ट्रान्सफॉर्मरला लोड झेपेल का', 'आग लागली तर जबाबदार कोण' आणि 'उद्या चाळीस जणांनी मागितलं तर' हे तीन प्रश्न येतातच. तिसरा प्रश्न रास्त आहे, आणि त्यासाठी सोसायटीने एकदाच लोडचं नियोजन करून घेणं हेच उत्तर. सोसायटीने कॉमन मीटरवर प्लग देऊ केला तर सबमीटर आणि युनिटचा दर आधी ठरवून घ्या. 'महिन्याला अमुक रुपये द्या' या बोलीवर सुरू झालेली व्यवस्था पुढच्या वार्षिक सभेत हमखास भांडणाचा विषय होते.

बंगला असेल तर वरचा सोसायटीचा परिच्छेद तुमच्यासाठी नाही. छतावर सोलर असेल तर आणखीच उत्तम : एक किलोवॅटचं पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देतं, आणि पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. सांगली-सोलापूरकडच्या बंगलेवाल्याने सीएनजीचा विचार करायचं मला तरी कारण दिसत नाही.

पैशांचं गणित, शोरूममध्ये सांगतात तसं नाही

'एक रुपया किलोमीटर' हे वाक्य तुमच्या कानावर पडेलच. महावितरणचे घरगुती दर स्लॅबचे आहेत : १०० युनिटपर्यंत स्वस्त, मग ३००, मग ५००, आणि पुढे चढत जाणारे. घरचा वापर आधीच दीडशे-दोनशे युनिट असेल तर गाडीचं प्रत्येक युनिट वरच्या स्लॅबमध्ये पडतं. त्यावर वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा), शिवाय वीज शुल्क. म्हणून हिशेब वरच्या स्लॅबनेच करावा.

महिना १,२०० किलोमीटर धरा. सीएनजी कंपनी किलोला २६.९९ किलोमीटर सांगते, शहरातल्या गर्दीत २० धरा. ९० रुपये किलोने ६० किलोचे ५,४०० रुपये. इलेक्ट्रिक गाडी मीटरवरच्या एका युनिटला, चार्जिंगमधली गळती धरून, सात किलोमीटर देते असं धरा. साधारण १७० युनिट, सगळे आकार मिळून १४ रुपयांनी २,४०० च्या आसपास. महिन्याला ३,००० वाचले, वर्षाला ३६,०००. दोन गाड्यांच्या ऑन-रोड किमतीत तीन लाखांचा फरक असेल तर तो भरून निघायला आठ वर्षं!

हाच हिशेब पेट्रोलशी केला तर चित्र पालटतं. १४ चं अ‍ॅव्हरेज आणि १०४ रुपये लिटर म्हणजे महिन्याला ८,९०० रुपये, तेव्हा तोच फरक चार वर्षांच्या आत वसूल. जाहिराती तुलना पेट्रोलशी का करतात ते यावरून कळावं. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकचा मात्र पाचच राहिला. त्यामुळे अंतर वाढलं आहे. जुने यूट्यूब व्हिडिओ बघून गणित मांडू नका. कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकराच्या ८०ईईबी कलमाची सवलत मिळते असं कुणी सांगितलं तर तीही ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती.

आणि घरी प्लग नसेल, सगळं चार्जिंग बाहेरच्या फास्ट चार्जरवर असेल, तर जीएसटीसह युनिटला वीस-बावीस रुपये सहज जातात. महिना ३,६०० च्या आसपास. सीएनजीवर मग बचत उरते किती? आणि दर तीन-चार दिवसांनी तासभर मॉलच्या बेसमेंटमध्ये बसून राहायचं ते वेगळंच.

रस्त्यावर

इथे इलेक्ट्रिकची बाजू उघडपणे वरचढ आहे, आणि माझ्यासारख्या हिशेबी माणसालाही तिचा मोह पडतो तो इथेच. मोठ्या, ३५ युनिटच्या बॅटरीच्या पंच ईव्हीला १९० न्यूटन-मीटर टॉर्क (चाकं फिरवण्याचा जोर) आहे, सीएनजीवरच्या पंचला १०३. चार माणसं आणि सामान घेऊन वरंधा किंवा आंबा घाट चढताना सीएनजी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकते, इलेक्ट्रिकला चढ आहे हे जाणवतही नाही. उतरताना रीजनरेशनने, म्हणजे वेग कमी करताना मोटरच वीज तयार करते त्याने, थोडी बॅटरी परत भरते, ब्रेकही कमी झिजतात. फक्त बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर रीजन नीट काम करत नाही, त्यामुळे डोंगरमाथ्यावरच्या हॉटेलात पूर्ण चार्ज करून घाट उतरायला लागू नका. क्लच नाही, आवाज नाही, सिग्नलला एसी चालू ठेवला तरी इंधन जळत बसत नाही. कर्वे रोडच्या संध्याकाळी याची किंमत कळते.

डिकीतही सीएनजी मागे. दोन छोट्या सिलिंडरांची युक्ती करूनही २१० लिटर जागा, तर ईव्हीत ३६६.

लांबच्या प्रवासात पारडं फिरतं. ३५ युनिटच्या बॅटरीला कंपनीने ४२१ किलोमीटर सांगितले होते. हायवेला शंभरच्या वेगाने, एसी लावून २२०-२४० धरा. पुणे-कोल्हापूर तेवढंच आहे, म्हणून सातारा-कराडच्या पट्ट्यात एक थांबा ठेवावाच. ५० किलोवॅटच्या चार्जरवर १० ते ८० टक्के व्हायला तासाच्या आतबाहेर, पुढचे वीस टक्के मात्र रेंगाळतात. ते सोडून निघावं. समृद्धीवर १२० ची परवानगी आहे म्हणून तेवढ्याने पळवलीत तर रेंज आणखी खाली येते.

खरी परीक्षा गणपतीत. कोकणात जाणाऱ्या गाड्यांच्या त्या दोन दिवसांत सीएनजी पंपावरही रांग आणि चार्जरवरही रांग. पण सीएनजीवाला कंटाळून पेट्रोल भरतो आणि पुढे निघतो. इलेक्ट्रिकवाल्याकडे दुसरी टाकी नसते. गावच्या घरी १५ अँपिअरचा धड प्लग आणि बऱ्यापैकी व्होल्टेज असेल तर परतीची चिंता मिटते, म्हणून जाण्याआधी काकांना फोन करून विचारून घ्या.

टोल हा मात्र इलेक्ट्रिकचा फायदा : राज्याच्या २०२५ च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. दर आठवड्याला मुंबई करणाऱ्याने वरच्या गणितात ही रक्कम जरूर मिळवावी.

देखभाल, विमा आणि कुठली बॅटरी

देखभालीत फार बोलण्यासारखं नाही. इलेक्ट्रिकला ऑइल, स्पार्क प्लग, क्लच, पीयूसी काही नाही. सीएनजीला हे सगळं आहे, वर दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी. इलेक्ट्रिकमध्येही साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

विम्यात एक गंमत आहे. थर्ड पार्टीचे २०२२ साली ठरलेले दर इलेक्ट्रिकला १५ टक्के कमी आहेत, पण ते मोटरच्या ताकदीवर लागतात. ६५ किलोवॅटपर्यंत वर्षाला २,९०४ रुपये, त्यापुढे ६,७१२. छोट्या बॅटरीची पंच ६० किलोवॅटची, म्हणजे खालच्या गटात. मोठ्या बॅटरीची ९० ची, म्हणजे वरच्या. १,२०० सीसीच्या सीएनजीला ३,४१६.

तरीही घरात ही एकच गाडी असणार असेल तर २५ युनिटची छोटी बॅटरी घेऊ नका. हायवेला ती दीडशेच्या आसपास दम तोडते आणि मग प्रत्येक सुट्टी चार्जरच्या नकाशावर ठरते. घरात दुसरी पेट्रोल गाडी असेल, ही फक्त ऑफिस, शाळा आणि मंडईसाठी असेल, तर छोटीच घ्या. बॅटरीवर दोन्हींना आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी मिळते. त्यातली किती दुसऱ्या मालकाकडे जाते, हे बुकिंगच्या दिवशीच विक्रेत्याकडून लिहून घ्या, कारण पाचव्या वर्षी गाडी विकायला काढाल तेव्हा घेणारा पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.