पडणारे हवेत की चढणारे?

जपानी अडथळा-शर्यतीचा कार्यक्रम आपल्या वाहिनीवर आणायचा तर सरळ मार्गाच्या तीन वाटा आहेत. जुने भाग घेऊन त्यावर आपलं समालोचन चढवायचं, परदेशात उभ्या असलेल्या सेटवर आपली माणसं न्यायची, किंवा फॉरमॅटचा परवाना घेऊन सेट इथेच बांधायचा. खर्च साधारण याच क्रमाने वाढतो. पण त्याआधी एक ठरवावं लागतं: प्रेक्षकाला पडणाऱ्यावर हसवायचंय, की चढणाऱ्यासाठी त्याचा श्वास रोखून धरायचाय? दोन्ही एकाच कार्यक्रमात करायला गेलं की बहुधा दोन्ही फसतं.

हसवायचं असेल तर पहिली वाट. ‘ताकेशीज कॅसल’ जपानमध्ये टीबीएस वाहिनीवर १९८६ ते १९८९ चालला आणि परदेशात खरा गाजला तो बंद पडल्यानंतर. ब्रिटनमध्ये क्रेग चार्ल्सचा आवाज, आपल्याकडे पोगोवर जावेद जाफरीची हिंदी बडबड. अमेरिकेत स्पाइक टीव्हीने २००३ पासून मूळ संवाद फेकूनच दिले आणि नवी पात्रं, नवी भांडणं रचली. चित्र तेच, कार्यक्रम तीन.

इथे पैसा वाचतो, पण घोळ ध्वनिपटात होतो. संगीत-इफेक्ट्सचा वेगळा ट्रॅक मिळणार का, हे करार करण्याआधी विचारा. तो नसेल तर जपानी निवेदन काढताना पाण्याचा, धडकेचा आवाजही जातो आणि सगळी फोली, म्हणजे चित्राबरहुकूम मागाहून केलेले आवाज, नव्याने करावी लागते. तळ्यातल्या दगडांवरून पळण्याचा खेळ आठवा: काही दगड पक्के, काही नुसते तरंगणारे. चुकीच्या दगडावर पाय पडला की माणूस थेट पाण्यात. तो ‘डुबुक’ अर्धा सेकंद उशिरा आला की विनोद मेला. मराठीत आणखी एक अडचण: क्रियापद शेवटी येतं, म्हणून लांब वाक्य पडण्याच्या क्षणावर हमखास सांडतं. वाक्य पडण्याआधी संपवा, मग गप्प बसा, आणि माणूस वर आल्यावर दोनच शब्द टाका. चित्र ४:३ चं आहे. रुंद पडदा भरायला ते वर-खाली कापलं तर नेमकं पाणीच चौकटीबाहेर जातं. बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तरी चालतील. जपानी अक्षरंही तशीच राहू द्या, झाकायला गेलं की जास्त खुपतात.

दुसऱ्या वाटेचं ठळक उदाहरण ‘वाइपआउट’. मूळ जपानी नव्हे, अमेरिकी. टीबीएसने २००८ मध्ये त्यावर नक्कल केल्याचा दावा लावला आणि २०११ मध्ये तडजोड झाली. ‘परवाना कशाला, तसंच काहीतरी करू’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. ‘वाइपआउट’च्या कित्येक देशांतल्या आवृत्त्या अर्जेंटिनातल्या एकाच सेटवर चित्रित झाल्या. शाहरुख खानचा ‘जोर का झटका’ (२०११) त्यातलाच. बांधकाम आणि सुरक्षेची बरीचशी घडी आयती मिळते. विमानभाडं, व्हिसा आणि ठरलेल्या तारखा मात्र तुमच्या गळ्यात. पाऊस आला, स्पर्धक जायबंदी झाला तरी पुढच्या देशाची टोळी दारात उभी असते. थोडे भाग आणि ओळखीचे चेहरे असतील तरच हे परवडतं.

तिसरी वाट ‘सासुके’ची, म्हणजे परदेशातल्या ‘निन्जा वॉरिअर’ची. १९९७ पासून चालू. शंभर स्पर्धक, चार टप्पे, आणि पहिल्या ३८ स्पर्धांत चारच माणसांनी मिळून सहा वेळा शेवट गाठला. सासुके हा जपानी गोष्टींतला निन्जा. आपल्याकडे कडा म्हटला की हिरकणी आठवते, तसं ते नाव तिथे आपोआप काम करतं. बाहेर ते चाललं नसतं.

जपानमध्ये हा प्रासंगिक खास कार्यक्रम आहे, त्यामुळे कोणीच जिंकलं नाही तरी चालतं. दर आठवड्याला दाखवायचा तर ते चालत नाही. अमेरिकी आवृत्तीने शहरवार फेऱ्या आणि स्पर्धकांच्या घरच्या गोष्टी घातल्या. तरी पहिला पूर्ण विजय सातव्या पर्वात, २०१५ मध्ये आला. त्या रात्री दोघांनी ७५ फुटांचा दोर ३० सेकंदांच्या आत चढला. दहा लाख डॉलर मात्र साडेतीन सेकंदांनी वेगवान असलेल्या आयझॅक कॅल्डिएरोला. जेफ ब्रिटनला त्यातलं काहीच नाही. बरोबरीचा नियम आणि कोणीच न जिंकल्यास काय, ही दोन्ही कलमं आधीच लिहून काढा.

बांधताना चुकतं ते अंतर. उंच पुरुषांवर चाचणी घेतली की दोन पकडींमधलं अंतर आपसूक त्यांच्या मापाचं होतं. २०१४ मध्ये अमेरिकी आवृत्तीत डॅलसला पाच फुटांच्या केसी कॅटन्झारोने शहराची अंतिम फेरी पार केली, ती त्या पर्वाची सर्वात गाजलेली धाव ठरली. तिच्या उंचीचे चाचणीकर हवेतच. वाकड्या भिंतीआधी (धावत जाऊन चढायची ती वळलेली उंच भिंत) पाण्यावरचा अडथळा ठेवलात तर बूट ओले होतात आणि लोक ताकदीने नव्हे, घसरून हरतात; मध्ये कोरडी रबरी पट्टी टाका. मुंबईच्या दमट रात्री लोखंडी पकडी घामेजतात, त्या दर धावेनंतर पुसायला एक माणूस नेमा. आणि परवान्यावर सही करण्याआधी एकच अडथळा लाकडात बांधून वीस जण सोडा. सगळे पार झाले किंवा सगळे पडले, तर मापं पुन्हा काढा.