ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर पावसाळाभर वापरल्यावर: इग्निशन स्विचचा दोष कसा सापडला

ईएलएम ३२७ जातीचा (त्या चिपवर किंवा तिच्या नकलेवर चालणारा) ब्लूटूथ स्कॅनर हजार रुपयांच्या आत मिळतो. तो गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे दोष तपासायच्या जोडणीत लावला की गाडीने नोंदवलेले दोषांचे कोड मोबाइलच्या ॲपमध्ये दिसतात. पावसाळाभर वापरून माझं मत पक्कं झालंय: घ्या, पण सोबत मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचा मीटर) हवाच.

माझ्या गाडीचा त्रास असा होता. खड्डा आला की डॅशबोर्ड क्षणभर विझायचा, इंजिन झटका खायचं आणि मग सगळं पूर्ववत. एका गॅरेजमध्ये ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) बदलायला सांगितलं, दुसरीकडे बॅटरी. स्कॅनर लावला तर कोड आला पी२५३४, म्हणजे इग्निशन स्विचच्या रन/स्टार्ट सर्किटमध्ये (चावी ऑन किंवा स्टार्टवर असतानाच्या वीजमार्गात) व्होल्टेज कमी. (पी२५३५ आला तर उलट, व्होल्टेज जास्त.) कोड सर्किटचं नाव सांगतो, खराब झालेल्या भागाचं नाही. फ्यूज, कनेक्टर, वायर, स्विच, यांपैकी काहीही असू शकतं. म्हणून लगेच कोड पुसू नका, आधी फ्रीझ फ्रेमसकट (कोड आला त्या क्षणीचे गाडीचे आकडे) लिहून ठेवा.

स्कॅनर खरा कामाला आला तो लाइव्ह डेटात, म्हणजे त्या-त्या क्षणी दिसणाऱ्या आकड्यांत. ॲपमध्ये दोन व्होल्टेज दिसतात. एक स्कॅनर स्वतः ओबीडी सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर मोजतो, ती पिन थेट बॅटरीला जोडलेली असते. दुसरं ईसीयू कळवतो. माझ्या गाडीत ईसीयूचा हा आकडा इग्निशनच्या लाइनवरून येतो (सगळ्या गाड्यांत तसं नसतं, वायरिंग डायग्राम पाहून घ्या). इंजिन चालू असताना पहिला आकडा १४.१ वर स्थिर होता, दुसरा चावी जरा हलवली की ११च्या खाली जायचा. बॅटरी आणि अल्टरनेटर निर्दोष आहेत हे तिथेच कळलं.

पुढचं काम मीटरचं. चावी ऑन, ब्लोअर आणि हेडलाइट सुरू, मीटरची लाल तार स्विचच्या बॅटरीकडच्या टोकाला, काळी इग्निशनच्या टोकाला. संपर्क चांगले असतील तर दोन टोकांत ०.२ व्होल्टच्या आतच फरक दिसावा. माझ्याकडे सव्वा व्होल्टाच्या वर होता. स्विचमधले संपर्क जळले होते. लॉक सिलिंडर (चावी घालायचा भाग) आणि चावी तीच ठेवून मागचा इलेक्ट्रिकल भाग तेवढा बदलला. स्टीअरिंग कॉलमजवळ एअरबॅगचीही वायर असते, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबूनच हात घालावा. नव्या स्विचवर तीच मोजणी ०.०५ आली आणि कोड परत आलेला नाही.

चावीला जड जुडगा लटकवू नका, हे कळकळीने सांगतो. २०१४ मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीला सुमारे २६ लाख गाड्या परत मागवाव्या लागल्या. स्विचची पकड ढिली होती, चावी चालत्या गाडीत ॲक्सेसरीवर (रेडिओसारख्या गोष्टींपुरत्या जागेवर) सरकायची, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडत नसत. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

स्कॅनरच्या उणिवा. १६ नंबरच्या पिनला गाडी बंद असतानाही करंट असतो, त्यामुळे तो लावून ठेवला तर बॅटरी हळूहळू उतरते. काम झालं की काढा. स्वस्त नकलांमध्ये काही कमांड चालतच नाहीत. शिवाय साध्या ॲपमधून मुख्यतः इंजिनचेच कोड वाचता येतात. एबीएस किंवा एअरबॅगचा दिवा लागला तर पूर्ण स्कॅनर असलेल्या गॅरेजलाच जावं लागेल.