फ्लेम लिकर करावं की ओटो-लांगेन?

हौसेखातर वाफेची दोन-तीन छोटी इंजिनं करून झाली, गरम हवेवर चालणारं एखादं स्टर्लिंगही फिरलं, की लेथवर रमणाऱ्या माणसाला पुढचा किडा चावतोच: आता हवेच्या दाबावर चालणारं जुनं इंजिन करायचं. मग ड्रॉइंग गोळा होतात आणि गाडी दोन नावांपाशी अडते. एक स्पिरिटच्या दिव्याची ज्योत आत ओढणारं फ्लेम लिकर. दुसरं ओटो आणि लांगेन या जोडीचं १८६७ सालचं उभं गॅस इंजिन. मी आधी पहिलं केलं, मग दुसरं. दोन्ही चालली. त्यामुळे कुठलं चालतं हे विचारू नका. कुठल्याचा त्रास तुम्हाला सोसवेल, ते बघा.

तत्त्व दोघांचं एकच. आतला तापलेला वायू थंड होतो, पोकळी होते आणि बाहेरची हवा पिस्टन दाबते. पण एक गोष्ट आधीच मनात धरा. इंजिन आठपट लहान करता येतं, हवेचा दाब लहान करता येत नाही आणि वाढवताही येत नाही. माझ्या ओटो-लांगेनचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ३८ मिलिमीटर. पूर्ण पोकळी झाली असती तर पिस्टनवर साडेअकरा किलोच्या वर भार आला असता. प्रत्यक्षात निम्मा मिळत असला तरी खूप. फ्लेम लिकरचा बोअर २५ मिलिमीटर. तिथे सगळं जमलं तरी हिशेब पाच किलोच्या आसपास संपतो, आणि सगळं कधीच जमत नाही. म्हणून त्या इंजिनात घर्षणाला माफी नाही.

कामाच्या बाबतीत फ्लेम लिकर फारच सोपं. सहा शनिवार-रविवारात माझं उभं राहिलं. बिडाचा सिलिंडर, बिडाचाच पिस्टन, ज्योतीच्या भोकासमोर सरकणारी पत्र्याची झडप, तिला हलवणारा कॅम, आणि एक बऱ्यापैकी जड फ्लायव्हील. लॅपिंग, म्हणजे बारीक पावडरीने घासून पिस्टन आणि सिलिंडर जुळवणं, मात्र मनापासून करावं लागतं. कोरडा पिस्टन उभ्या सिलिंडरमधून स्वतःच्या वजनाने हळूहळू उतरला पाहिजे आणि खालच्या तोंडावर बोट ठेवलं की थांबला पाहिजे. हे जमलं त्या रात्री मी दिवा लावला, फ्लायव्हीलला चार-पाच झटके दिले आणि ते टकटक करत सुटलं. त्या रात्रीचा आनंद मी नाकारणार नाही. ज्योत प्रत्येक फेरीला आत वाकते, झडप तिला तोडते, ती पुन्हा सरळ होते. बघणारा माणूस तिथून हलत नाही.

बारीक कटकटी आहेत. पंखा लावला की ज्योत हलते आणि इंजिन बंद. मे महिन्यात पाहुण्यांना दाखवायचं तर आधी सगळ्यांना घामाघूम करावं लागतं. वात दोन मिलिमीटर इकडची तिकडे झाली तरी रुसतं. या सगळ्याची सवय होते.

सवय झाली नाही ती पाण्याची.

स्पिरिट जळताना पाणी तयार होतं हे शाळेत शिकलेलं असतं, पण किती ते कुणी सांगत नाही. शंभर ग्रॅम अल्कोहोल जळलं की त्याहून जास्त वजनाचं पाणी होतं. फ्लेम लिकर ती ज्योतच पोटात घेतं, तीही थंड सिलिंडरमध्ये. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं आत चक्क दव धरतं. पिस्टन ओला होतो, चिकटतो, आणि इंजिन दम लागल्यासारखं थांबतं. मग पुसा, पुन्हा दिवा लावा, सिलिंडर कोमट होऊ द्या. फार तापला तरी पंचाईत, कारण मग वायू थंडच होत नाही. कोमट आणि गरम यांच्या मधल्या एका अरुंद पट्ट्यात ते खूश असतं. तेल घालू म्हणाल तर तेल ज्योतीने जळतं, त्याचा काळा चिकट थर बसतो आणि पाच किलोचं भांडवल त्या थरातच खर्च होतं. म्हणजे सिलिंडर कोरडा ठेवायचा, बीड उघडं ठेवायचं, आणि वरून त्यात रोज पाणी घालायचं.

मी राहतो कोल्हापुरात. जुलैत इथे दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत. पहिल्या पावसाळ्यात एका रविवारी इंजिन चालवलं, नुसतं फडक्याने पुसून कपाटात ठेवलं. बुधवारी काढलं तर आत तांबूस पापुद्रा. बारीक पावडरीने लॅप केलं, पुन्हा चाललं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. प्रत्येक लॅपिंगला फट थोडी वाढते, आणि अशा चार-पाच थोड्यांनंतर एके दिवशी हवा पिस्टनच्या बाजूने निसटायला लागते. ऑगस्टअखेर मला नवा पिस्टन करावा लागला. ग्राफाइटचा पिस्टन घाला, असं सांगणारे भेटले. घातला. पिस्टन गंजला नाही, सिलिंडर गंजला. स्टेनलेसचा सिलिंडर करा म्हणणारेही आहेत. पण स्टेनलेस उष्णता सहज सोडत नाही, आणि इथे तर सगळा खेळ थंड होण्याचा. कुणाला जमलं असेल तर नाकारत नाही. मला धीर राहिला नाही.

मुळात खटकलं ते असं की बिघाड कुठे आहे ते हे इंजिन सांगत नाही. गंज असो, ओल असो, वात चुकलेली असो की झडप अर्धा मिलिमीटर उशिरा मिटत असो, लक्षण एकच: चार फेऱ्या मारून गप्प.

आता दुसरं. निकोलाउस ओटो आणि ऑयगेन लांगेन यांनी १८६४ मध्ये कोलोनला कंपनी काढली, आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात हे इंजिन मांडलं. दिसायला खांब, आवाजाला खडखडाट. पण परीक्षकांनी गॅस मोजला तेव्हा आधीच्या लन्वारच्या गॅस इंजिनाच्या निम्म्याहून कमी लागत होता, आणि सुवर्णपदक याला मिळालं. परीक्षकांत लांगेनचे मित्र फ्रान्झ रॉयलो होते, हेही लोक सांगतात. असेनात, गॅसचा आकडा काही त्यांनी लिहून दिला नव्हता. कल्पना अगदी नवी होती असंही नाही. बार्सांती आणि मात्तेउच्ची या इटालियन जोडगोळीने १८५० च्या दशकातच मोकळा पिस्टन आणि दातेरी पट्टी वापरली होती. लांगेनची करामत क्लचमध्ये.

स्फोट होतो आणि पिस्टन मोकळाच वर उडतो. त्याला जोडलेली दातेरी पट्टी, म्हणजे रॅक, वर जाताना पिनियन, म्हणजे तिच्या दातांत बसणारं छोटं गिअर, नुसता फिरवते. शाफ्टला त्याचा पत्ता नसतो. वर पोहोचेपर्यंत खाली पोकळी तयार झालेली असते. मग हवा आणि पिस्टनचं वजन मिळून त्याला खाली आणतात, आणि याच वेळी क्लच शाफ्टला पकडतो. काम सगळं उतरताना. मूळ क्लचमध्ये तिरक्या पाचरींवर रोलर बसवले होते.

लहान आकारात हाच क्लच जीव खातो. माझ्या पहिल्या क्लचच्या पाचरी नीट कडक झाल्या नव्हत्या. दोनेकशे स्फोटांनंतर रोलरांनी त्यांत खड्डे पाडले, एका स्फोटाला क्लच सुटलाच नाही, आणि वर निघालेल्या रॅकचे तीन दात गेले. नवी रॅक उद्यमनगरात कापून घेतली, पाचरी पुन्हा केल्या, या वेळी हार्डनिंग बाहेरून करून घेतलं. एवढा व्याप नको असेल तर बाजारात एकाच दिशेने पकडणारं सुईरोलरचं बेअरिंग मिळतं. शाफ्ट कडक करून ग्राइंड केलेला असला की ते बिनतक्रार चालतं. मूळ इंजिनाशी प्रामाणिक राहायचं की झोप घ्यायची, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

दुसरा त्रास गॅसचा. त्या काळी नळातून यायचा कोळशाचा गॅस, ज्यात निम्म्याच्या आसपास हायड्रोजन. मुंबईतही पूर्वी तसा गॅस होता. तो कसाही मिसळा, पेटायचा. आपल्या हाती एलपीजी, आणि तो हवेत साधारण दोन ते साडेनऊ टक्के असेल तरच पेटतो. शिवाय एलपीजीची ज्योत दोन मिलिमीटरपेक्षा अरुंद वाटेतून जाताना विझते. हायड्रोजनची त्याहून बरीच अरुंद वाटेतून जाते. मूळ इंजिनात सरकती झडप बाहेरच्या ज्योतीचा एक घास सिलिंडरपर्यंत नेते. ड्रॉइंगमधलं भोक मापाप्रमाणे लहान केलंत तर घास वाटेतच विझतो. मी सुरुवातीला लाज बाजूला ठेवून मागच्या बाजूला छोटा स्पार्क प्लग लपवला. इंजिन चालू झाल्यावर भोक साडेतीन मिलिमीटर करून ज्योतीवर आणलं. असंच करा असं मी सुचवेन. दोन अनोळखी गोष्टी एकदम सोडवायला घेऊ नयेत. आणि गॅस छोट्या कॅम्पिंगच्या डब्यातून घ्या, स्वयंपाकघरातल्या सिलिंडरकडे बघूही नका.

वेळ लागला चौदा महिने. खर्च फ्लेम लिकरच्या पाचपट तरी झाला असेल. घरी खरा आकडा सांगितलेला नाही. ओतकामाचा नमुना, म्हणजे पॅटर्न, घेऊन फाउंड्रीत गेलो तेव्हा मिस्त्रींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ह्यो हातपंप हाय व्हय?" उंची अर्धा मीटर आहे, त्यामुळे कपाटाचा एक कप्पा काढावा लागला. मूळ इंजिनांचं दुखणंही तेच होतं. तीन अश्वशक्तीच्या पुढे न्यायचं तर छत पुरत नव्हतं. तरी १८७६ मध्ये ओटोचंच चार स्ट्रोकचं इंजिन येईपर्यंत याला गिऱ्हाईक होतं. डॉइट्झ, म्हणजे ओटो-लांगेनचीच कंपनी, आणि मँचेस्टरचे क्रॉसली धरून पाचेक हजार इंजिनं विकली गेली.

(तिसरा पर्याय म्हणून बिशॉपचं नाव निघतं. १८७० च्या सुमाराचं हे छोटं फ्रेंच इंजिन, सिलिंडरला हवेने थंड ठेवणाऱ्या फिन, म्हणून पाण्याची गरज नाही, क्रँक नेहमीसारखी, रॅक नाही. शहाण्या माणसाने कदाचित तेच करावं. मी केलेलं नाही, म्हणून तोंड आवरतो.)

पाण्याचं म्हणाल तर एलपीजी जळताना वजनाच्या मानाने स्पिरिटपेक्षाही जास्त पाणी होतं. तेव्हा ओटो-लांगेन कोरडं आहे असा दावा मी करणार नाही. पण इथे ज्योत क्षणभराची असते, पिस्टनला रिंग आहे, आणि मुख्य म्हणजे तेल चालतं. तेलाचा हात फिरलेलं बीड पावसाळ्यातही तसंच राहतं. गेल्या जुलैत तीन आठवडे हात लावला नव्हता. काढलं, दोन थेंब तेल, गॅस उघडला. पहिला स्फोट फुसका, दुसरा फुसका, तिसऱ्याला धप्प झालं आणि रॅक कर्रकन वर गेली.

ते फुसकेपणही मला आवडतं, कारण त्यातून कळतं. फुस्स आलं तर मिश्रण पातळ, म्हणजे गॅस कमी. रॅक नीट वर जाऊन धाडकन खाली आपटली आणि फ्लायव्हीलला काही मिळालं नाही, तर क्लच घसरतोय. आपटली नाही, नुसती आपल्या वजनाने आळसावून उतरली, तर कुठून तरी हवा आत शिरतेय. सगळं डोळ्यांसमोर, फूटभर उंच, एका मिनिटात वीस-पंचवीस वेळा. माझं मोजमाप यापुढे गेलेलं नाही, पण दुरुस्ती करायला कधी रात्र लागली नाही.

तेव्हा तुमच्याकडे छोटा लेथ असेल, मिलिंगसाठी दुसऱ्याच्या दारात जावं लागत असेल आणि दिवाळीपर्यंत काहीतरी फिरलेलं बघायचं असेल, तर फ्लेम लिकर करा; हातही बसेल. वर्षभराची सवड असेल आणि गिअर कापून देणारा ओळखीचा असेल, तर मी तुमच्या जागी असतो तर थेट खांबालाच हात घातला असता. आवाजाबद्दल शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

फ्लेम लिकर मी सोलापूरला भाच्याला देऊन टाकलं. तिकडची हवा कोरडी. त्याचा परवा फोन आला होता, "मामा, मस्त चालतंय की, तुम्हीच उगाच नावं ठेवत होता."