मॉलिक्यूल मॉडेल किट, ५ महिने वापरून: एक लाल गोळा कमी

गेल्या आठवड्यात किटमधले रंगीत गोळे (अणू) आणि काड्या (बाँड) घेऊन बीटा ग्लुकोज (ग्लुकोजच्या रिंगचा एक प्रकार) जोडायला बसलो आणि लाल गोळा टचकन तडकला, आता काडी भोकात राहतच नाही. एका गोळ्याचं काय एवढं म्हणाल, पण या किटमध्ये लाल गोळे मोजून ६ आणि ग्लुकोजला ऑक्सिजन लागतात मोजून ६. म्हणजे एक गेला की ग्लुकोज गेलं. पांढरे हायड्रोजन ढीगभर दिलेत, ते काय भेळेत घालायचेत? ६४० रुपयांच्या डब्यात एक जास्तीचा लाल गोळा टाकायला यांचं काय जात होतं.

विकणाऱ्याला फोटो पाठवला तर म्हणे सुटा गोळा मिळत नाही, नवीन सेट घ्या. तीन दिवस मेसेजवर भांडलो, शेवटी त्यानं विचारलं काड्या दातानं ओढता का. ओढतो. फोटोत दाताचे व्रण दिसत होते म्हणे. बरं, पण काड्या एवढ्या घट्ट आहेत की नखं तुटतात, मग माणूस काय करणार.

आता किटबद्दल. एस.वाय.ला स्टिरिओकेमिस्ट्रीत (रेणूतले अणू जागेत कसे मांडलेत त्याचा अभ्यास) पार आडवा झालो होतो म्हणून घेतलं. पहिले दोन महिने नुसता खूश. आर की एस (कार्बनला चार वेगवेगळे ग्रुप असले की होणाऱ्या दोन आरसा-मांडण्या) ठरवताना एच (हायड्रोजन) खाली धरायचा, वाऱ्यानं उलटी झालेली छत्री दांड्यानं धरतात तसा, आणि वरून बघून बाकी तिघांचा क्रम घड्याळासारखा जातो (आर) का उलटा (एस) ते सांगायचं. दर वेळी उत्तर बरोबर! तेव्हा लिहिलं असतं तर पाच स्टार दिले असते.

मग टेस्ट झाली, २० पैकी ९. परीक्षेला किट नेता येत नाही हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं, कागदावरचं वेज-डॅश (पुढे आलेला बाँड जाड, मागे गेलेला तुटक) बघून हात नुसते हवेत फिरत होते.

त्यानंतर क्रम उलटा केला. आधी पेनानं कागदावर उत्तर, एच आपल्याकडे तोंड करून असेल तर तसाच क्रम काढून उत्तर फिरवायचं, आणि मगच किट उघडून तपासायचं, चुकलं तर कुठल्या पायरीला चुकलं ते वहीत मागच्या पानावर. पंधरा दिवसांनी ते पान वाचलं तर निम्म्याहून जास्त चुका फिरवण्याच्या नव्हत्याच, प्रायॉरिटीच्या (कुठला ग्रुप वरचा, कुठला खालचा) होत्या! सिस्टीन हे अमिनो ॲसिड त्यातलं ठळक. बाकीची नेहमीची एल अमिनो ॲसिड्स एस (ग्लायसीन सोडून, ते कायरलच नाही, म्हणजे त्याला आर-एस असे दोन प्रकारच नाहीत) म्हणून मी हेही एस ठोकून दिलं, पण सल्फरमुळे साइड चेन कार्बॉक्सिलच्या वर जाते आणि ते आर होतं. हे किट सांगत नाही, त्यात फक्त रंग आहेत.

बायोकेममध्ये मात्र अनपेक्षित फायदा झाला. ग्लायकोलिसिस (पेशीत ग्लुकोज पायरीपायरीनं तुटण्याची प्रक्रिया) मी श्लोकासारखं पाठ करायचो. एकदा ग्लुकोजची सरळ साखळी करून बघितली. अल्डोलेज (साखळीचे दोन तुकडे करणारं एन्झाइम) जे करतं ते म्हणजे उलटं अल्डोल (जोडणारी रिॲक्शन उलटी), कार्बोनिलच्या (C=O) शेजारचा अल्फा आणि त्याच्या पुढचा बीटा या कार्बनमधला बाँड तुटतो. कार्बोनिल १ नंबरवर असेल तर तुकडे २ आणि ४ कार्बनचे. तोच २ नंबरवर नेला, म्हणजे फ्रुक्टोज केलं, की ३ आणि ४ च्या मधे तुटून ३-३ चे तुकडे. म्हणून आधी आयसोमरेज (कार्बोनिल १ वरून २ वर नेणारं एन्झाइम)! एवढी साधी गोष्ट वर्षभर पाठ करत होतो. तेव्हापासून कुठलीही पायरी आली की कार्बनला नंबर, मग कार्बोनिल कुठंय, मग कोण इलेक्ट्रॉन देतंय, एन्झाइमचं नाव सगळ्यात शेवटी.

ग्लुकोजच्या रिंगची चेअर (खुर्चीसारखा आकार) फिरवताना काड्या निसटतात (दातानं ओढायच्या घट्ट काड्या इथं बरोबर निसटतात, कमाल आहे). पण बीटा ग्लुकोजमधे सगळे मोठे ग्रुप आडवे (म्हणजे गर्दी कमी) आणि अल्फात १ नंबरचा ओएच तेवढा उभा, हे हातात बघितल्यावर पाण्यात साधारण ६४ टक्के बीटा आणि ३६ अल्फा का असतं ते वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

सध्या सहावा ऑक्सिजन म्हणून निळा नायट्रोजन लावलाय, दोन भोकं रिकामी. चालतंय, पण रूममेट दर वेळी विचारतो हे कुठलं शुगर. साडेतीन स्टार, अर्धा त्या गोळ्यापायी कापला. कुणाचं असलंच किट अडगळीत पडलं असेल तर लाल गोळा १० रुपयांना घेईन, दोन असतील तर दोन्ही.