इकीतोसची जंगल सफर आणि आदिवासी गावांच्या नावावर होणारी फसवणूक

पेरूच्या इकीतोस शहरात रस्त्याने पोहोचता येत नाही. विमानाने यावं लागतं, नाहीतर पुकाल्पा किंवा युरिमाग्वासहून मालवाहू बोटीच्या डेकवर हॅमॉक बांधून दोन-चार दिवस नदीतून. शहरातून निघणारा एकमेव मोठा रस्ता शंभरेक किलोमीटरवरच्या नाउता गावात संपतो. त्यामुळे पाठीवर सॅक घेऊन इथे उतरलेला माणूस कशासाठी आलाय हे ओळखायला कुणाला डोकं चालवावं लागत नाही: त्याला अमेझॉनचं जंगल बघायचंय आणि जमलं तर एखाद्या आदिवासी गावात दोन दिवस राहायचंय. त्याच्याजवळ वेळ मोजका असतो, स्पॅनिश जेमतेम, आणि एकदा होडी सुटली की मागे वळायची सोय नसते. इथली बहुतेक फसवणूक या तीन गोष्टींवर चालते. तिच्यात दर वेळी दोघं नागवले जातात, एक प्रवासी आणि दुसरं ते गाव. कारण गावाची भेट विकणाऱ्याने गावाला बहुधा विचारलेलंच नसतं.

सुरुवात विमानतळाच्या दारातच होते. गिऱ्हाईक गाठून देणाऱ्या दलालांना इथे ‘हालादोर’ म्हणतात. तुम्ही बुकिंग केलेल्या लॉजचं नाव घेतलंत की ते बंद पडलंय, पुरात गेलंय, नाहीतर त्यांचं ऑफिस हललंय, असं ठामपणे सांगितलं जातं. मोतोताक्सीवालाही दुजोरा देतो, कारण तुम्हाला दुसऱ्या एजन्सीच्या दारात उतरवलं की त्यालाही कमिशन सुटतं. अशा वेळी रस्त्यावर वाद घालू नका. ‘ईपेरू’ ही सरकारी पर्यटक मदत सेवा आहे. तिथल्या माणसाकडून लॉजला फोन लावून घ्या. हे लोक कुठलीही सहल विकत नाहीत, म्हणून त्यांच्या शब्दावर भरवसा ठेवता येतो.

एजन्सीत खिशात हात घालण्याआधी तिचा ‘रुक’, म्हणजे करनोंदणी क्रमांक मागा. तो अकरा आकडी असतो. २० ने सुरू होत असेल तर कंपनी, १० ने असेल तर एकट्या माणसाचा धंदा. ‘सुनात’ या करखात्याच्या वेबसाइटवर तो फुकट तपासता येतो, मोबाइलवर दोन मिनिटांचं काम आहे. स्थिती ‘आक्तिवो’ आणि पत्त्यापुढे ‘आबिदो’ दिसलं पाहिजे. ‘नो आबिदो’ असेल तर नोंदवलेल्या पत्त्यावर तो धंदेवाला करखात्यालाही सापडलेला नाही. त्याच पानावर धंदा सुरू केल्याची तारीख असते. पंचवीस वर्षांचा अनुभव सांगणाऱ्याची नोंदणी चार महिन्यांपूर्वीची निघाली, तर सरळ उठून या. एजन्सीची पर्यटन खात्याकडची वेगळी नोंद लोरेतो विभागाच्या, म्हणजे इकीतोस ज्यात येतं त्या विभागाच्या, पर्यटन कार्यालयात असते. एजन्सीच्या भिंतीवर लावलेलं प्रमाणपत्र कुणाच्या नावाचं आहे तेही वाचा, कारण दुसऱ्याच्या प्रमाणपत्राची रंगीत झेरॉक्स फ्रेम करून लावायला फार खर्च येत नाही.

आता सगळ्यात जास्त विकली जाणारी सहल. बेयाविस्ता-नानाय धक्क्यावरून मोमोन नदीत अर्ध्या दिवसाची फेरी निघते: बोरा गाव, यागुआ गाव, साप, माकडं, सगळं एका किमतीत. ‘बाहेरच्या जगापासून दूर राहिलेली जमात’ अशी तिची जाहिरात होते. होडी काठाला लागते, पायऱ्या चढून गेलं की मालोका, म्हणजे ताडपत्रांनी शाकारलेलं मोठं सामूहिक घर. आत झाडाच्या सालीपासून बनवलेल्या यांचामा कापडाचे घागरे घातलेली, चेहरे रंगवलेली माणसं उभी असतात. लाकडी काठ्या जमिनीवर आपटत दोन-तीन नाच होतात, शेवटच्या नाचात पाहुण्यांना हाताला धरून ओढलं जातं. मग चांबिरा ताडाच्या धाग्याच्या पिशव्या आणि बियांच्या माळा पुढे येतात आणि प्रत्येक नाचणारा वेगवेगळे पैसे मागू लागतो. ‘सगळं समाविष्ट आहे’ असं धक्क्यावर ऐकून आलेला प्रवासी भडकतो आणि गावकरी लुटारू आहेत असं मनाशी पक्कं करून परततो.

इथे दोष कुणाचा ते नीट बघायला हवं. नाचणारे खोटे नाहीत, ते बोराच आहेत. त्यांच्या पूर्वजांचा मुलूख उत्तरेला पुतुमायो नदीच्या बाजूला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हुलिओ सेसार आरानाच्या रबर कंपनीने तिथे बोरा, हुइतोतो आणि इतर लोकांवर जी गुलामी आणि कत्तल लादली, तिची चौकशी ब्रिटिश सरकारतर्फे रॉजर केसमेंट या अधिकाऱ्याने केली होती. वाचलेल्यांपैकी बरेच जण पुढे पेबासजवळच्या आंपियाकू नदीवर हलवले गेले आणि त्यांची मोठी गावं आजही तिथेच आहेत. मोमोनवरची वस्ती शहराच्या जवळची, पर्यटकांवर पोट असलेली. त्यात लाजण्यासारखं काही नाही. खोटं आहे ते एजंटाचं वर्णन, आणि त्याहून मोठं खोटं म्हणजे ‘गावाचे पैसे आम्ही दिलेत’ हे वाक्य. ते पैसे पोहोचलेलेच नसतात, किंवा इतके थोडे असतात की कुटुंबांना पर्यटकाकडे हात पसरावा लागतो.

म्हणून ठरवताना विचारा: गावाला माणशी किती सोल (पेरूचं चलन) देणार, कुणाच्या हातात देणार, आणि ते माझ्यासमोर देणार का? उत्तर टाळलं गेलं तर गावाचा वाटा किमतीतून कमी करायला लावा आणि तिथे पोहोचल्यावर गावप्रमुखाला स्वतः द्या. एक, दोन आणि पाच सोलची नाणी आणि दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवा. शंभरच्या नोटेची मोड गावात मिळत नाही. फोटो काढण्याआधी पैसे लागतात का ते विचारा, नंतर नाही.

याच फेरीत हातात स्लॉथ दिला जातो, गळ्यात अ‍ॅनाकोंडा टाकला जातो. ‘हे सुटका केलेले प्राणी आहेत’ असं सांगतात. खऱ्या सुटका केंद्रात प्राणी पाहुण्यांच्या हातात देत नाहीत, एवढी खूण पुरेशी आहे. स्लॉथची पिल्लं आईपासून तोडून आणलेली असतात आणि या हाताळणीत फार जगत नाहीत. जॅग्वारचे दात, केमनची डोकी, मकाव पोपटाच्या पिसांचे मुकुट विकत घेऊ नका. पेरूत वन्यप्राण्यांच्या अवयवांची अशी विक्री बेकायदा आहे आणि विमानतळावर वस्तू जप्त होऊन वर गुन्हा दाखल होऊ शकतो. विकणारा हे कधीच सांगत नाही.

दुसरी मोठी फसवणूक पाकाया-सामिरियाच्या नावावर होते. मारान्योन आणि उकायाली या नद्यांच्या बेचक्यातलं हे राष्ट्रीय राखीव क्षेत्र वीस लाख हेक्टरांहून मोठं आहे. ते ‘सेर्नान्प’ ही सरकारी संस्था सांभाळते. एजंट तीन-चार दिवसांचे पैसे घेतो, प्रवेशशुल्क वेगळं घेतो आणि प्रत्यक्षात नाउताच्या आसपास, राखीव क्षेत्राबाहेरच्या पट्ट्यात फिरवून आणतो. झाडं तीच, नदी तीच, गुलाबी डॉल्फिनही दिसतात. नवख्याला कळायला मार्ग नाही. ओळखायची पद्धत सोपी आहे. खऱ्या प्रवेशाच्या वेळी तपासणी नाका लागतो. तिथे वनरक्षक पासपोर्ट बघतात, वहीत नाव नोंदवतात, तिकीट देतात. नाका लागला नाही आणि तिकीट हातात आलं नाही, तर तुम्ही आत गेलेलाच नाही. ‘तिकिटं ऑफिसात ठेवलीत’ हे उत्तर चालवून घेऊ नका. निघण्याआधी लोरेतोचा नकाशा मोबाइलवर ऑफलाइन उतरवून घ्या. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं आणि आपण हद्दीच्या कुठल्या बाजूला आहोत ते दिसतं. इकीतोसहून सकाळी निघून संध्याकाळी परत येणारी ‘पाकाया-सामिरिया’ सहल तर घेऊच नका. नाउतापर्यंतचा रस्ताच जवळपास दोन तास खातो, पुढे नदी, आणि तेवढंच परतीचं. फार तर काठ शिवून होतो.

पाण्याचा हंगाम न सांगणं हीसुद्धा फसवणूकच. साधारण डिसेंबर ते मे नदी चढलेली असते, जंगलात पाणी शिरतं आणि होडीतून झाडांमधून फिरता येतं, पण लांब पायी चाल होत नाही. पाणी उतरल्यावर, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरात, वाटा मोकळ्या होतात पण आतले ओढे आटून होडी अडते. जो एजंट एप्रिलमध्ये रोज पाच तासांची पायपीट कबूल करतो, तो खोटं बोलतोय.

होडीवर घडणारा ठरलेला प्रसंग म्हणजे मध्येच संपलेलं इंधन. परतीच्या दिवशी वाटाड्या सांगतो की पेट्रोल पुरणार नाही, वाटेतल्या गावात महाग मिळतं, प्रत्येकाने अमुक सोल काढा. याचा हिशोब आधी करता येतो. चाळीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण चार गॅलन पितं. लांब दांड्याच्या पेके-पेके होडीला तासाला गॅलनच्या आत-बाहेर पुरतं, पण तिला वेळ कितीतरी जास्त लागतो. जाहिरातीत आउटबोर्ड दाखवून धक्क्यावर पेके-पेके उभी करायची आणि वाचलेल्या इंधनाचे पैसे खिशात घालायचे, ही नेहमीची युक्ती. म्हणून कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: इंजिनाचा प्रकार, जायला किती तास, इंधन कुणाच्या खर्चाने, आणि परतीची तारीख. त्याच कागदावर माणशी दिवसाला चार लिटर पिण्याचं पाणी, मच्छरदाणी, मापाचे रबरी बूट आणि लाइफ जॅकेटही येऊ द्या. शाकाहारी असाल तर प्रत्येक जेवणात काय मिळणार ते लिहून घ्या. ‘हो हो, शाकाहारी मिळेल’ याचा अर्थ भात, युका आणि तळलेली केळी, सलग पाच दिवस, असा निघतो. आगाऊ रक्कम निम्म्याच्या वर देऊ नका, उरलेली परत आल्यावर.

आता सर्वात गंभीर गोष्ट. ‘कुणीही न पाहिलेल्या जमातीची’ भेट विकणारे लोक इकीतोसमध्ये आहेत आणि आग्नेय पेरूतल्या माद्रे दे दिओस भागातही. पेरूच्या २००६ च्या कायद्याने, क्रमांक २८७३६, एकांतात राहणाऱ्या समूहांना संरक्षण दिलंय. त्यांच्यासाठी राखलेल्या प्रदेशात पर्यटकाला प्रवेश नाही, आणि पैसे भरून तो मिळत नाही. लोरेतोमधलं यावारी-तापिचे हे असं राखीव क्षेत्र २०२१ मध्ये जाहीर झालं. या सहलींचे दोन प्रकार दिसतात. एकात शेजारच्या गावातल्या लोकांना कपडे उतरवून उभं केलं जातं. दुसऱ्यात वाटाड्या खरोखरच त्या हद्दीत शिरतो. पहिल्यात तुमचे पैसे जातात, दुसऱ्यात माणसं मरतात. आपल्याला साधी सर्दी असते, त्यांच्या शरीराला तिची ओळखच नसते. १९८४ मध्ये नाहुआ लोकांचा बाहेरच्यांशी संपर्क आला आणि त्यानंतर त्यांच्यातले निम्म्याच्या आसपास लोक आजारांनी दगावले. अशी सहल कुणी पुढे केली तर घासाघीस न करता निघून जा आणि ‘ईपेरू’ला किंवा पोलिसांना कळवा.

संपर्कात असलेल्या गावांना भेट देणं ही वेगळी आणि चांगली गोष्ट आहे, फक्त ती गावाच्या संमतीने व्हायला हवी. १९७४ च्या कायद्यापासून पेरूतल्या नेटिव्ह कम्युनिटींना, म्हणजे अशा आदिवासी गावांना, कायदेशीर अस्तित्व आणि जमिनीवर हक्क आहे. त्यांची सभा असते, निवडून दिलेला प्रमुख असतो, बऱ्याच ठिकाणी त्याला ‘आपू’ म्हणतात. ठरावांची वही असते, शिक्का असतो. म्हणजे परवानगी कागदावर मिळू शकते, आणि ‘तिथे सगळे माझे मित्रच आहेत’ ही परवानगी नव्हे. आपूचं नाव, शिक्का, तारखा आणि गावाला मिळणारी रक्कम असलेलं पत्र मागा. मात्सेस लोकांच्या गावांपर्यंत नेणाऱ्या लांबच्या मोहिमांमध्ये तर या पत्राशिवाय पाऊल टाकू नका. गावाने होडी अडवली तर ते त्यांच्या हक्कातच असतं आणि अडकता तुम्ही. ‘ऑर्पिओ’ ही लोरेतोतली आदिवासी संघटना आहे. एखादं गाव पाहुणे घेतं का, हे तिच्या इकीतोसमधल्या कार्यालयात विचारून बघा.

आयावास्का या भ्रम आणणाऱ्या वनस्पतींच्या पेयाबद्दल थोडंच, पण महत्त्वाचं. पिसांचा मुकुट घातला म्हणजे कुणी वैद्य होत नाही. नैराश्यावरच्या काही गोळ्यांसोबत हे पेय जीवघेणं ठरू शकतं, आणि परिणाम वाढवायला त्यात तोए नावाची विषारी वनस्पती मिसळणारेही आहेत. आधी औषधांची चौकशी न करणाऱ्याकडे घोटभरही घेऊ नका. एकट्या बाईने रात्री एकट्या ‘शमन’कडे जाऊ नये, लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी झालेल्या आहेत.

फसलातच, तर कागद गोळा करा: पावती, चॅटचे स्क्रीनशॉट, होडीचं नाव, मार्गाचा जीपीएस ट्रॅक. पेरूत प्रत्येक धंदेवाल्याला ‘लिब्रो दे रेक्लामासिओनेस’, म्हणजे तक्रारवही ठेवणं बंधनकारक आहे. ती मागा, भरा आणि आपली प्रत घेऊनच उठा. वही द्यायला नकार मिळाला तर ‘इंदेकोपी’ या ग्राहक संरक्षण संस्थेकडे जा. पुष्कळदा वही मागितल्याबरोबर थोडेतरी पैसे परत निघतात. रक्कम मोठी असेल तर पर्यटन पोलिसांकडे लेखी तक्रार नोंदवा. प्रवास विमा कंपन्या तिच्याशिवाय सहसा दावा मान्य करत नाहीत. आणि ज्या गावाचं नाव वापरून पैसे घेतले गेले, त्या गावाच्या आपूला पावतीचा फोटो पाठवा. आपल्या नावावर किती रक्कम उकळली गेली हे गावाला बहुतेक वेळा माहीतच नसतं, आणि त्याच एजंटाची पुढची होडी काठाला लागू द्यायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार गावाचा आहे.