एल्डन रिंग, आठ महिन्यांनंतर: रॅडॅगॉनने रेनालाला का सोडले?

एल्डन रिंग या व्हिडिओ गेमचा हा अनुभव मी मार्चमध्येच लिहिणार होतो, आणि तेव्हा लिहिला असता तर त्यातले मत आजच्यापेक्षा वेगळे असते. फेब्रुवारीच्या अखेरीस लॅपटॉप बंद पडला. तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीवाल्याने तो अकरा दिवस ठेवून घेतला, बाराशे रुपये घेतले आणि मला एका शब्दानेही न विचारता डिस्क फॉर्मॅट करून परत दिला. आमच्या गावात नेटचा भरवसा नसल्यामुळे मी गेम पहिल्यापासून ऑफलाइनच खेळत होतो, त्यामुळे १३० तासांचा सेव्ह, म्हणजे खेळाची जतन केलेली नोंद, दुसरीकडे कुठेही नव्हता. मी दुकानात जाऊन भांडलो, पण विंडोज नव्याने टाकायचे म्हणजे फॉर्मॅट करावेच लागते, यापलीकडे उत्तर मिळाले नाही. सुमारे ६० जीबीचा गेम पुन्हा उतरवण्यासाठी मावसभावाच्या वर्ध्याच्या खोलीवर दोन रात्री काढल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

गेम कसा दिसतो, कोणता बॉस, म्हणजे मोठा शत्रू, किती छळतो, हे सगळे फेब्रुवारी २०२२ पासून भरपूर लिहून झालेले आहे. मी दिवाळीत तो सवलतीत घेतला आणि मुख्यतः हरभऱ्याच्या ओलिताच्या रात्री खेळलो. थ्री फेज लाईन रात्रपाळीची असली की मोटार सुरू करून दर तीन तासांनी स्प्रिंकलरचे पाईप बदलावे लागतात, आणि मधला वेळ मी वावरातल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसतो. या गेमला साधे पॉज नाही, ही गोष्ट मला आजही खटकते. लाईन गेली आणि मोटार बंद पडली तर चालू लढाई तशीच टाकून धुऱ्यावरून पळावे लागते, आणि परत येईपर्यंत पात्र मेलेले असते. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत एवढी सोय असायला हवी होती.

मला लिहायचे आहे ते रेनालाविषयी. गेममधल्या राया लुकारिया या जादूच्या अकादमीच्या ग्रंथालयात ही पौर्णिमेची राणी अंबराचे अंडे उराशी धरून बसलेली असते आणि तिच्याभोवती अर्धवट जन्मलेल्या मुली जमिनीवर सरपटत असतात. लाल केसांचा वीर रॅडॅगॉन तिच्या लिउर्निया प्रदेशावर चालून आला, युद्धात तिच्या प्रेमात पडला, केलेल्या आक्रमणाबद्दल त्याने पश्चात्ताप केला आणि शपथांच्या चर्चमध्ये दोघांचे लग्न झाले. राडान, रायकार्ड आणि रॅनी ही त्यांची तीन मुले. पुढे या जगावर राज्य करणाऱ्या मॅरिका राणीचा पहिला नवरा गॉडफ्री हद्दपार झाला, तेव्हा रॅडॅगॉन रेनालाला सोडून मॅरिकाचा दुसरा नवरा होण्यासाठी राजधानीत निघून गेला. रेनालाचे मन त्यानंतर सावरले नाही, आणि तिच्याच अकादमीने तिला ग्रंथालयात कोंडले. ते अंडेही त्यानेच तिला दिलेले आहे.

एका रात्री मी घरी खेळत असताना माझी आत्या मागे उभी राहून बघत होती. लग्नानंतर चार वर्षांनी तिला नवऱ्याने टाकले आणि तेव्हापासून ती आमच्याकडेच आहे. तिने विचारले, "हे बाई अशी काहून बसली, बाबू?" नवरा सोडून गेला, असे मी सांगितले. तिने पडद्याकडे थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, "अन् हिले कोंडलं कोणं?" तोपर्यंत माझे सगळे लक्ष रॅडॅगॉनवर होते. तिच्याच हाताखाली शिकलेल्या माणसांनी तिच्यावर दार बंद केले, याकडे मी पाहिलेच नव्हते. टाकलेल्या बाईचे पुढचे आयुष्य सोडून जाणारा ठरवतो त्यापेक्षा जास्त भोवतालचे लोक ठरवतात, आणि ही गोष्ट रचणाऱ्यांना ते ठाऊक होते, असे मला वाटते.

पहिल्या खेपेला रॅडॅगॉनबद्दल माझे मत सरळ होते. मोठे पद दिसले आणि त्याने बायको टाकली, असे हिशेबी लोक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. शपथांच्या चर्चमध्ये मिरिएल नावाचे धर्मगुरूची टोपी घातलेले प्रचंड कासव आहे. तो का गेला हे कोणालाच माहीत नाही, असे ते सांगते. एक साधा वीर राणीचा नवरा म्हणून का निवडला गेला, हेही कोडेच असल्याचे ते म्हणते आणि त्याच्या पुतळ्यात दडवलेल्या एका रहस्याची कुजबुज कानावर घालते.

ते रहस्य दुसऱ्या खेपेला मी स्वतः उघडले. राजधानीतल्या पुतळ्यासमोर प्रतिगमनाचा मंत्र म्हणावा लागतो. सुवर्णव्यवस्थेची, म्हणजे मॅरिकाच्या राज्यातल्या धर्माची, पोथी नेऊन दिली की हा मंत्र मिरिएलच शिकवते, पण तो वापरायला पात्राचा बुद्धिमत्ता हा गुण ३७ लागतो आणि माझे पात्र तलवारीचे, त्याची बुद्धिमत्ता जेमतेम बारा. गुण नव्याने वाटून घ्यायचे तर सगळ्या गेममध्ये एकच जागा आहे, ती म्हणजे रेनालापुढची. अळीचा अश्रू तिला द्यायचा आणि त्या अंड्याच्या शक्तीने पुन्हा जन्म घ्यायचा. मी तसे केले, राजधानीत गेलो, मंत्र म्हटला, आणि पुतळ्याचे रूप बदलून रॅडॅगॉनच्या जागी मॅरिका उभी राहिली. रॅडॅगॉन म्हणजेच मॅरिका. तो रेनालाला का सोडून गेला हे जाणण्याची पात्रता मला रेनालानेच दिली, तीही त्याच्याच भेटवस्तूने. या जुळणीविषयी मी ओलिताच्या कितीतरी रात्री विचार केला आहे आणि ती योगायोगाने झाली असेल असे मला वाटत नाही.

तेव्हा माझे मत पहिल्यांदा बदलले. हा माणूस स्वतःचा नव्हताच, मग त्याला जाण्यावाचून गत्यंतर कुठे होते, असे वाटू लागले. आम्हा विदर्भातल्या लोकांना दमयंतीची गोष्ट परकी नाही. नळाने तिला रानात झोपेत सोडले, ते त्याच्या अंगात कली शिरला होता म्हणून. दोघांत मिळून उरलेले एकच वस्त्र त्याने अर्धे कापून घेतले, तो निघाला, परत आला, तिच्याकडे पाहून रडला आणि पुन्हा निघाला. त्याचे हे जाणे-येणे वाचताना त्याचा राग टिकत नाही. रॅडॅगॉनलाही मी त्याच रांगेत बसवले. मॅरिकाचे त्याला उद्देशून काही शब्द मागे राहिलेले आहेत, त्यांत ती त्याला सुवर्णव्यवस्थेचा एकनिष्ठ कुत्रा म्हणते आणि तू अजून मी झालेला नाहीस, असे बजावते. म्हणजे एका देहात दोन मने होती आणि त्यांचे एकमेकांशी पटत नव्हते.

एका तलवारीने मात्र ही सहानुभूती मला पुरी करू दिली नाही. पवित्र हिमक्षेत्रात परित्यक्तांची गुहा आहे आणि तिथल्या बॉसला मारले की सुवर्णव्यवस्थेची महातलवार मिळते. ही मुळात रेनालाने नवऱ्याला दिलेली तलवार. आपल्या जोडीदाराला तलवार देण्याची रेनालाच्या कारिया घराण्याची रीतच आहे. रॅडॅगॉनने ती घडवून बदलली आणि तिला नव्या घरच्या धर्माचे चिन्ह केले. हे वर्णन वाचल्यावर मी लॅपटॉप मिटून ठेवला. जाणे त्याच्या हातात नव्हते, हे मी मान्य करतो, पण पहिल्या बायकोने दिलेली वस्तू वितळवून दुसरीच्या दाराशी शोभेल अशी करून घेणे कोणी त्याच्याकडून करवून घेतल्याचे गेममध्ये कुठेही नाही. नळाने कापलेले वस्त्र दमयंतीला नंतर पुराव्यासारखे उपयोगी पडले. माझे अर्धे वस्त्र कापून कुठे गेलास, असे विचारायला तिने ब्राह्मण देशोदेशी धाडले. रेनालाकडे विचारायला काही उरले नाही. तिने दिलेल्या वस्तूची ओळख पुसली गेली आणि त्याने दिलेली वस्तू मात्र ती अजून कुरवाळत बसली आहे. तलवार ज्या गुहेत ठेवली आहे तिच्या नावाकडे बघितले, तर न्याय कोणाच्या बाजूने आहे हे लिहिणाऱ्यांनी सांगून ठेवले आहे, असे मी मानतो.

आणखी एक गोष्ट पहिल्या खेपेला माझ्या हातून निसटली, कारण तेव्हा घरच्यांची झोप मोडू नये म्हणून मी आवाज बंद ठेवून खेळत असे. इअरफोन घेतल्यावर ती ऐकू आली. रेनालाच्या लढाईचा पहिला भाग संपतो आणि चंद्रप्रकाशात, पाण्यासारख्या पसरलेल्या जागेत, ती एकदम तेजस्वी होऊन उभी राहते, त्याच्या आधी एक आवाज येतो. तो रॅनीचा आहे. आईची झोप तू मोडू शकणार नाहीस, अशा अर्थाचे ती स्वतःचे नाव घेऊन बजावते. म्हणजे ज्या वैभवातल्या राणीशी आपण लढतो, ती मुलीने उभी केलेली प्रतिमा आहे. खरी रेनाला तेव्हाही अंडे धरून बसलेलीच असते. लहानपणी आईने हात धरून ज्या मुलीला काळ्या चंद्राजवळ नेले, ती मुलगी देह टाकून बाहुलीत राहत असतानाही आईच्या दारावर पहारा ठेवून आहे. १३० तास खेळूनही मला हे माहीत नव्हते, आणि दुरुस्तीवाल्यावरचा माझा राग गेलेला नसला तरी हे त्याच्या चुकीमुळेच ऐकायला मिळाले.

रॅनीची अंगठीही आईच्याच ग्रंथालयात, तिच्या मागच्या पेटीत, कुलपात आहे. रॅनीने निवडलेल्या जोडीदारासाठी ती आहे, पण तिच्या आतल्या बाजूला इशारा कोरलेला आहे: कोणीही असलास तरी ही येथून नेऊ नकोस, रात्रीपलीकडचा एकांत माझा एकटीचाच बरा. मी हे वाक्य शब्दकोश उघडून तीनदा वाचले, कारण गेमची इंग्रजी जुन्या वळणाची आहे आणि मराठी किंवा हिंदी भाषांतर दिलेले नाही. आईचे काय झाले हे पाहिलेल्या मुलीने लग्नाच्या अंगठीतच नकार लिहून ठेवावा, हे मला पूर्ण पटले. मी अंगठी घेतली आणि तिच्या बोटात घातली; तिने ती नाकारली नाही.

२०२४ च्या जूनमध्ये आलेले डीएलसी, म्हणजे गेमचा वेगळा विकत मिळणारा पुढचा भाग, मी अजून घेतलेले नाही. त्यात मॅरिका आणि रॅडॅगॉनचा मुलगा मिकेला स्वतःचे प्रेमच टाकून पुढे जातो, एवढे ऐकून आहे. तुरीचे चुकारे हाती आले की घेईन. सध्या ती तलवार माझ्या पात्राच्या पेटीत पडून आहे. पात्राचे ताकद आणि श्रद्धा हे गुण पुरेसे असूनही मी ती एकदाही हातात धरलेली नाही.