मिरिस्साची देवमासा सफर: पैसे नेमके कशाचे द्यायचे?

हंगाम बरोबर साधला आणि बोट पारखून घेतली, तर श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरची मिरिस्साची सफर मुंबईहून चार दिवसांची सुट्टी टाकून करण्याजोगी आहे. यातलं एक जरी चुकलं, तर चार-पाच तास डिझेलचा धूर, ओकाऱ्या आणि लांबवर दिसलेली एक करडी पाठ, एवढंच पदरात पडतं. एकाच धक्क्यावरून एकाच सकाळी सुटलेल्या दोन बोटींमध्ये इतका फरक पडू शकतो.

दारात समुद्र असताना मुंबईकराने एवढ्या लांब का जावं? कारण आपल्यासमोरची समुद्रबूड जमीन, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, फार रुंद आहे. मुंबई हायचे तेलफलाट किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहेत, तरी तिथे पाण्याची खोली जेमतेम ७५ मीटर. खोल पाण्यातले मोठे देवमासे दिवसाच्या सहलीच्या टप्प्यात येतच नाहीत. २०१५ मध्ये सिंधुदुर्गात कुणकेश्वरजवळ संशोधकांना निळे देवमासे दिसले तेव्हा त्याची मोठी बातमी झाली. जुहूला २०१६ च्या जानेवारीत आला तो ब्रायडीज जातीचा देवमासा मेलेला होता. तारकर्ली-हर्णैची बोट डॉल्फिनसाठी उत्तम, पण तिच्याकडून देवमाशाची अपेक्षा धरू नये.

मिरिस्साजवळ देवुंदरचं टोक आहे. तिथे ही समुद्रबूड जमीन अगदी अरुंद होते आणि किनाऱ्यापासून थोड्याच किलोमीटरवर तळ हजार मीटरपर्यंत खाली जातो. खोल पाण्यातली पोषकद्रव्यं वर येतात, त्यावर बारीक कोळंबीसारखे जीव पोसतात आणि त्यांच्यामागे निळे देवमासे येतात. उत्तर हिंदी महासागरातले हे देवमासे ध्रुवाकडे जात नाहीत, वर्षभर उष्ण पाण्यातच राहतात. श्रीलंकेच्या संशोधक आशा डी व्हॉस यांनी हीच गोष्ट जगासमोर आणली. अंटार्क्टिकच्या भाऊबंदांपेक्षा ते थोडे लहान, तरी मोठा नर-मादी चोवीस मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे एसटीच्या दोन गाड्या एकामागे एक लावाव्यात तेवढा.

हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल म्हणून विकला जातो. त्यातला फेब्रुवारी ते एप्रिलचा पहिला आठवडा घ्या, समुद्र बऱ्यापैकी शांत असतो. नोव्हेंबरमध्ये हवामान अजून स्थिरावलेलं नसतं. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ, तेव्हा मिरिस्साचं नावच काढू नका. कोणी ‘बारा महिने चालू’ म्हणत असेल तर तिथूनच परत फिरा. (मे ते ऑगस्टमध्ये जायचं असेल तर पूर्व किनाऱ्यावरचं त्रिंकोमाली बघा.) पौर्णिमेला श्रीलंकेत सार्वजनिक सुट्टी असते आणि एप्रिलच्या मध्यात तिथलं नववर्ष येतं. ते दिवस टाळा, मंगळवार-बुधवार बरे.

आता मुख्य मुद्दा. तिकिटाचे पैसे देवमाशासाठी नसतात, कॅप्टनच्या संयमासाठी असतात. निळा देवमासा वर आला की दहा-वीस सेकंदांच्या अंतराने काही श्वास घेतो, मग पाठ उंच कमानदार करून खोल बुडी मारतो आणि साधारण दहा मिनिटं दिसत नाही. चांगला कॅप्टन वेग कमी करून बाजूने, माशाला समांतर जातो, शंभर मीटरचं अंतर राखतो आणि इंजिन न्यूट्रलला टाकून थांबतो. माशाने बुडी मारल्यावरही तो जागा सोडत नाही. शेपटीच्या फटक्यांनी पाण्यावर गुळगुळीत, तेलकट दिसणाऱ्या चकत्या उमटतात. त्यांची ओळ बघून मासा पुढे कुठे वर येईल याचा अंदाज कॅप्टन बांधतो. उतावळा कॅप्टन फवारा दिसला की पूर्ण वेगात समोरून घुसतो. मासा श्वास अर्धवट टाकून खाली जातो आणि पुढच्या वेळी आणखी दूर निघतो. पाच-सहा बोटी एकाच माशाला घेरतात तेव्हा कोणालाच धड काही दिसत नाही.

म्हणून आरक्षणाआधी तीन प्रश्न विचारा: माशापासून किती अंतर ठेवता, आज बोटीवर किती माणसं घेणार, आणि बोटीवर जाती ओळखून सांगणारा माणूस आहे का. ‘अगदी जवळ नेतो’ हे जाहिरातीचं वाक्य असेल तर ती बोट नको. ‘देवमाशासोबत पोहायला नेतो’ म्हणणाऱ्याला तर थेट नकार द्या. आसनक्षमता साठ असली तरी चाळीस माणसं असतील तरच कठड्याशी सगळ्यांना जागा मिळते. दरात हॉटेलवरून टुकटुक, सरकारी शुल्क, पाणी आणि नाश्ता धरलाय का, हेही आधीच स्पष्ट करून घ्या. स्वस्त बोटीची बचत सहसा याच खर्चात निघून जाते.

बोट लागण्याबद्दल. ‘गेटवे-मांडवा इतक्यांदा केलंय, मला काही होत नाही’ हा हिशेब इथे चालत नाही. तो प्रवास बंदराच्या आडोशाचा, इथे खुल्या महासागराची लांब लाट असते. आणि त्रास बोट धावताना कमी, थांबल्यावर जास्त होतो. देवमासा दिसला की इंजिन न्यूट्रलला जातं, बोट लाटेला आडवी होते आणि कुशीवर डोलू लागते. ऐन मोक्याच्या क्षणी अर्धी बोट पिशव्या शोधत असते ती यामुळेच. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी आदल्या रात्री झोपताना घेतलेली उपयोगी पडते, कारण उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. तिने झोप येते. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि इतर औषधं चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. रिकाम्या पोटी जाऊ नका, तेलकटही नको, दोन केळी आणि सुकी बिस्किटं पुरेत. बसायला खालच्या डेकचा मधला भाग सर्वांत स्थिर. वरच्या डेकवरून दिसतं छान, पण झोका दुप्पट वाटतो. मागच्या टोकाला धूर येतो. नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइलच्या पडद्यावर नको.

काय दिसतंय ते ओळखता आलं तर मजा वाढते. उंच, सरळ फवारा आणि पाठीवर फार मागे अगदी छोटा पर, तो निळा. कोयत्यासारखा वळलेला ठळक पर आणि डोक्यावर तीन उभ्या कडा, तो ब्रायडीज. तो सहसा शेपटी वर काढत नाही. फवारा बुटका आणि पुढे डावीकडे कललेला असेल तर स्पर्म देवमासा. स्पिनर डॉल्फिन हवेत गिरक्या घेतात, त्यांना ओळखायला कोणाची मदत लागत नाही. मागे मालवाहू जहाजांची रांग दिसते, कारण जगातला एक अतिगजबजलेला जहाजमार्ग याच पाण्यातून जातो आणि जहाजांची धडक हा या माशांना सर्वांत मोठा धोका आहे. एमएससी कंपनीने २०२२ पासून आपली जहाजं सुमारे १५ सागरी मैल दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली.

कॅमेऱ्याला ३०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स आणि हजारांश सेकंदाचा शटर पुरतो. मोबाइल असेल तर फोटोच्या मागे न लागता आडवा व्हिडिओ चालू ठेवा. दुर्बीण ८×४२ घ्या. त्याहून जास्त पटीची डोलत्या बोटीवर हातात स्थिर राहत नाही. विंडचीटर, टोपीला दोरी आणि सनस्क्रीन न्या.

परतीला किनारा बघायला विसरू नका. देवुंदरचं पांढरं दीपगृह, माडांची टेकडी, वेलिगामाचा उपसागर, हे सगळं समुद्रावरूनच नीट दिसतं. गंमत म्हणजे तोवर निम्मे लोक झोपलेले असतात.

मुंबईहून कोलंबो थेट विमानाने अडीच तासांच्या आसपास, तिथून दक्षिण द्रुतगती मार्गाने मिरिस्सा. रेल्वे समुद्राला चिकटून जाते आणि सुंदर आहे, पण सामान असेल तर वेलिगामाला उतरून टुकटुक करा. बोट सकाळी साडेसहाच्या सुमारास सुटते, त्यामुळे आदल्या रात्री मिरिस्सातच मुक्काम हवा. कोलंबोहून पहाटे निघून बोट पकडण्याचे पॅकेज टूरवाले विकतात. अपुऱ्या झोपेत बोट हमखास लागते, तेव्हा ते घेऊ नका.

देवमासा दिसलाच नाही तर? बऱ्याच बोटी रोख पैसे परत न देता दुसऱ्या दिवशीची फेरी फुकट देतात. ही अट लेखी घ्या, आणि सफर मुक्कामाच्या शेवटच्या सकाळी न ठेवता पहिल्या सकाळी ठेवा. नाहीतर फुकट फेरीची चिठ्ठी हातात आणि तुम्ही विमानतळाच्या वाटेवर.